बाईंच्या फ्रीजमधले डबे

बाईंच्या फ्रीजमध्ये श्रीखंडाच्या डब्यांची चळत असायची आणि त्यातल्या एकातही श्रीखंड नसायचं. कशात भिजवलेली मटकी, कशात चिंचेचा कोळ, कशात कालची आमटी, तर कशात मागच्या उन्हाळ्यात निवडून ठेवलेली गवार. आता आपल्या लोकांच्या घरी हे असंच असतं, त्यात काही नवल नाही. पण बाकीच्या घरी निदान डब्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहितात. बाई लिहीत नसत. डबा उचलून हातात तोलायच्या, जरा हलवायच्या आणि "वरण" म्हणायच्या. उघडला की वरणच निघायचं. मी एकदा सुचवून पाहिलं की लेबलं लावली तर बरं पडेल. त्या म्हणाल्या, "सगळा जन्म हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांच्या रक्तावर आणि लघवीवर लेबलं लावली. आता आमटीवर पण लावू?"

न्यू जर्सीतल्या आयसेलिनला ओक ट्री रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं आणि त्या घराच्या बेसमेंटमध्ये मी भाड्याने राहायचो. बाई मूळच्या मिरजेच्या. रिटायर झाल्या तेव्हा लॅबमधले पांढरे कोट घरी घेऊन आल्या आणि ते घालून स्वयंपाक करायच्या. हळदीचे डाग पडलेला डॉक्टरी कोट घालून भाकरी थापणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. हिवाळ्यात हीटर कमीजास्त करायच्या थर्मोस्टॅटवर त्यांनी विणलेली कानटोपी चढवलेली असायची. कोणी तिला हात लावायचा नाही. थंडी वाजतेय म्हटलं की उत्तर ठरलेलं, "स्वेटर घाल. त्यावर दुसरा घाल. मग बोलू."

आणि त्यांना काकू म्हणायचं नाही. पहिल्याच दिवशी मी सवयीने "काकू" म्हणालो तर त्यांनी मला दारातच थांबवलं. "मी तुझी काकू नाही. भाडेकरूने नातं लावलं की भाडं उशिरा येतं. बाई म्हण." मी बाई म्हणायला लागलो. गल्लीतली दहा-बारा वर्षांची पोरंसुद्धा त्यांना घाबरून बाईच म्हणायची. नवऱ्याबद्दल विचारायची कोणाची टाप नव्हती. त्यांनीच एकदा आपण होऊन सांगितलं, "या देशात माझ्या नावावर आधी एक क्रेडिट कार्ड झालं, मग गाडी झाली, मग घर झालं. नवरा तेवढा माझ्या नावावर नव्हता, तो गेला." कुठे गेला ते मी विचारलं नाही. लोक म्हणायचे, कॅलिफोर्नियात आहे.

मी त्यांच्याकडे कसा आलो ते सांगायला हवं, आणि सांगताना अजूनही मान खाली जाते. दोन हजार एकमध्ये आयटीतल्या नोकऱ्या धडाधड गेल्या. माझ्या नागपूरच्या कॉलेजच्या होस्टेलवरचा एक मित्र माझ्याआधी सहा महिने नोकरीतून निघाला. त्याने नवी कोरी गाडी घेतली होती आणि तो या देशात नवा होता म्हणून कर्जावर जामीन म्हणून मी सही केली होती. का केली? तो म्हणाला, "यार, तू नाही म्हणालास तर मी कोणाकडे जाऊ?" आणि मला नाही म्हणता आलं नाही. मेसमध्ये एका टेबलावर जेवलेल्या मित्राला नागपूरचा माणूस नाही म्हणू शकत नाही. नोकरी गेल्यावर त्याने एका सकाळी गाडी नुअर्क एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये लावली, किल्ली सीटवर ठेवली आणि तो मुंबईच्या विमानात बसला. मला फोनसुद्धा केला नाही. फोन केला तो कर्ज वसूल करणाऱ्यांनी. गाडी त्यांनी नेऊन विकली आणि उरलेलं कर्ज माझ्या माथी आलं.

मग माझीही नोकरी गेली. दुसरी मिळेपर्यंत किराणासुद्धा कार्डावर घेतला. नोकरी मिळाली ती कमी पगाराची. तोवर माझं क्रेडिट, म्हणजे उधारी फेडणारा माणूस म्हणून असलेली पत, इतकं खालावलं होतं की कुठल्याही अपार्टमेंटच्या ऑफिसात गेलो की काउंटरवरची बाई कॉम्प्युटरकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि एकदम गोड आवाजात सॉरी म्हणायची. इंजिनियर झालेला, गावात पेढे वाटून अमेरिकेला पाठवलेला मुलगा आणि एक खोली कोणी देईना.

बाईंनी क्रेडिट तपासलं नाही. विचारलं, "कोणाला बुडवलंस?"

"मीच बुडालो."

"सगळे असंच म्हणतात," त्या म्हणाल्या आणि किल्ली दिली.

पहिल्या महिन्यातच त्यांनी माझा ताबा घेतला. पथ्य हा त्यांचा शब्द. कर्जाला त्या आजारासारखंच वागवायच्या. गाडीच्या कर्जाचा हप्ता पगार झाला त्याच दिवशी, नंतर बाकी सगळं. डबा घरचा. लॉन्ड्री रात्री नाही, रविवारी, आणि कपडे दोरीवर. बँकेत आपलेच तीनशे डॉलर अडकवून तेवढ्याच रकमेचं एक कार्ड घ्यायला लावलं. त्या कार्डावर फक्त रेल्वेचा महिन्याचा पास काढायचा आणि पैसे लगेच भरून टाकायचे, दुसरं काही घ्यायचं नाही. बँकेत स्वतःचेच पैसे तारण ठेवून स्वतःवर विश्वास ठेवा म्हणून विनवायचं, याची मला इतकी लाज वाटली की मी आपल्या गल्लीतली बँक सोडून पाच स्टेशनं पलीकडच्या बँकेत गेलो. म्हटलं, कोणी ओळखीचं भेटायला नको.

आणि एका संध्याकाळी बाई म्हणाल्या, "तुझ्या नावाचं एक कार्ड आलंय. माझ्या खात्यावरचं. ते तुला मिळणार नाही."

मला काही कळेना. त्यांनी समजावलं. त्यांचं सगळ्यात जुनं कार्ड, ज्याच्यासाठी त्या काळच्या बँकवाल्याने त्यांच्याकडे नवऱ्याची सही मागितली होती आणि त्यांनी ती न देता भांडून मिळवलं होतं, त्या खात्यावर त्यांनी माझं नाव चढवलं होतं. म्हणजे त्यांनी इतकी वर्षं वेळेवर भरलेले पैसे आता थोडेफार माझ्या खाती दिसणार होते. मी एका सहीपायी बुडालेला माणूस. म्हटलं, "बाई, असं कोणी करतं का? मी पळून गेलो तर?"

"कुठे पळशील? तुझ्याकडे गाडी नाही."

कार्ड त्यांनी श्रीखंडाच्या एका रिकाम्या डब्यात टाकलं, वर पाणी ओतलं आणि फ्रीझरमध्ये ठेवून दिलं. "कापून टाकलं तर बँक दुसरं पाठवेल. पर्समध्ये ठेवलं तर तू काढून घेशील. सॅम्पल गोठवलेलंच बरं." असा त्यांचा हिशोब.

आता माझ्या शुगरची गोष्ट. आमच्या मराठी मंडळातली दहा-बारा पोरं दर शुक्रवारी ओक ट्री रोडवर जेवायला जमायची. बिल आलं की सगळ्यांत सारखं वाटायचं. एक जण चिकन-मटण-बिर्याणी खायचा, मी डाळ-भात, आणि वाटणी एकच. मला ते परवडत नव्हतं आणि परवडत नाही हे तोंडातून निघत नव्हतं. दोन-तीनदा काम आहे म्हणून कॅन्सल केलं. मग एक जण अगदी आपुलकीने म्हणाला, "काय रे, तब्येत बरी आहे ना?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शुगर निघालीय. डॉक्टरने बाहेरचं खाणं बंद केलंय."

काय सांगू, इतका सोपा उपाय मला आधी का सुचला नाही असं वाटलं. डायबेटिस आपल्याकडे इभ्रतीचा आजार आहे. मंडळातल्या सगळ्या काकू, मावश्या एकदम माझ्या झाल्या. कोणी मेथीचे दाणे दिले, कोणी जांभळाच्या बियांची पूड भारतातून मागवली. "इतक्या लहान वयात," म्हणून हळहळायच्या. कर्ज सांगितलं असतं तर यातली एक तरी आली असती का? बहुतेक आली असती, हे आज वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं.

बाईंना हे मंडळाच्या गणपतीत कळलं. घरी आल्यावर त्यांनी कोट अंगात चढवला. मला टेबलाशी बसवलं, कपाटातून शुगर तपासायचं यंत्र काढलं, म्हणाल्या, "बोट." सुई टोचली, आकडा बघितला आणि यंत्र माझ्यासमोर ठेवलं. "नॉर्मल. आता आकड्याची लाज वाटते का आणखी कशाची, ते तूच ठरव."

मी यंत्र बाजूला सरकवलं.

"आजार झाला असं सांगायला तुझी जीभ रेटते. कर्ज आहे म्हणायला रेटत नाही. अजब आहे," त्या म्हणाल्या. "बरं, सांगितलंस ना? आता पाळायचं."

आणि त्यांनी ते पाळायला लावलं. दिवाळीला, मंडळाच्या जेवणावळीत, कोणाच्या बारशाला, कुठेही माझ्या पानाशी गोड आलं की बाई लांबून हाक मारायच्या, "त्याला वाढू नका." मी दातओठ खायचो. एकदा घरी येऊन भांडलो, तुम्ही पण खोटंच बोलताय म्हणालो. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी कुठे खोटं बोलले? मी वाढू नका म्हणाले. का, ते मी सांगितलंय का?" दोन वर्षं मी पुरणपोळीला हात लावला नाही. त्यांच्या घरात माझ्या कपात साखरही कधी पडली नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच दिवसांत घरच्यांनी माझ्यासाठी एक स्थळ काढलं. नाशिकची मुलगी, कॉलेजात फिजिक्स शिकवायची. परदेशी फोनसाठीचं प्रीपेड कार्ड घेऊन दर रविवारी आम्ही बोलायचो. माझ्या आयुष्यातला तो एकच खर्च बाईंनी कधी अडवला नाही. ती हसायची मनमोकळं आणि मधेच अचानक मला गणित घालायची. मला ती फार आवडली होती. क्रेडिट जरा मार्गी लागलं की तिला सगळं सांगू, असं मी ठरवलं होतं. अजून वर्षभर, मग सांगू.

तिचे काका श्रूजबरीला राहायचे, तिकडे मॅसॅच्युसेट्सला. ते कुठल्यातरी आमच्या मंडळवाल्याला भेटले आणि एका रविवारी तिने फोनवर विचारलं, "काका म्हणतात, तुम्हाला शुगर आहे. खरं का?"

नाही म्हणालो असतो तर मग मी तसं का सांगितलं, हे सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "थोडीशी आहे."

ती म्हणाली, "माझ्या आईलाही आहे. त्यात काय एवढं." पुढच्या रविवारी तिने नाचणीच्या कितीतरी पाककृती ऐकवल्या. मी "हो, हो" करत राहिलो.

आणि मग काका-काकू आले. शेजारच्या एडिसनला कुठल्या लग्नाला आले होते, म्हणाले, जाता जाता मुलगा बघून जाऊ. बेसमेंटमध्ये त्यांना कुठे बसवणार? बाईंच्या पायाशी लोळण घेतली. त्या म्हणाल्या, "हॉल वापर. जेवायला पण घालते. पण माझ्या तोंडून काही वदवून घ्यायचं नाही."

"तुम्ही फक्त गप्प राहा," मी म्हणालो. "हे जमलं तर मी लग्नाआधी तिला सांगणार आहे. शप्पथ."

बाईंनी त्या दिवशी साडी नेसली आणि वर कोट घातला नाही. मसालेभात केला, पुऱ्या केल्या, श्रीखंड केलं काचेच्या वाडग्यात. काका रिटायर इंजिनियर, सरळ माणूस. माझ्या नोकरीबद्दल विचारलं, ग्रीन कार्डाबद्दल विचारलं. काकूंनी पिशवीतून एक डबा काढून माझ्यासमोर ठेवला. "खास तुमच्यासाठी. बिनसाखरेची बर्फी, बॉस्टनहून मागवली." मी थँक यू म्हणालो. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

जेवण चांगलं चाललं होतं. काकू पाण्यात घालायला बर्फ हवा म्हणून उठल्या, बाई पुऱ्या तळत होत्या. आपल्या बायका दुसऱ्याच्या घरी पाहुण्यासारख्या बसत नाहीतच. त्यांनी फ्रीझर उघडला आणि श्रीखंडाचा डबा बघून म्हणाल्या, "अहो, हेही बाहेर काढून ठेवते हं, घट्ट झालं असेल." आणि डबा टेबलावर आणून झाकण उघडलं.

आत बर्फाचा गोळा. बर्फात एक क्रेडिट कार्ड.

काकूंनी डबा तिरपा केला तसा गोळा सरकून ताटात आला. काकांनी चष्मा नीट केला. गोठलेल्या पाण्यातून नाव वाचता येत नव्हतं. काका म्हणाले, "हे काय हो? कोणाचं आहे हे?"

बाई झारा हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. नुसतं "माझं" म्हणाल्या असत्या तर खोटंही झालं नसतं, खातं त्यांचंच होतं. त्या तसं म्हणाल्या नाहीत. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला होता. त्या फक्त माझ्याकडे बघत राहिल्या.

"माझं आहे," मी म्हणालो.

मग मी सांगितलं. गाडी, सही, विमान, वसुलीवाले, शुक्रवारची बिलं, शुगर. सांगत होतो तसतसा बर्फ ताटात वितळत होता आणि पाणी पुरीखाली जात होतं. मला आठवतं, मी मान वर करून कोणाकडेच पाहिलं नाही, त्या पुरीकडेच बघत बोललो.

काकांनी उरलेला बर्फ ताटातून उचलून परत डब्यात ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे शुगर नाहीच?"

"नाही."

"अहो, शुगर असती तर आमचं काही म्हणणं नव्हतं. आमच्याकडे सगळ्यांनाच आहे." ते चिडून बोलले नाहीत, खरंच बुचकळ्यात पडले होते. निघताना काकूंनी बर्फीचा डबा उचलला, परत ठेवला, पुन्हा उचलला आणि शेवटी पिशवीत टाकला. मी कानकोंडा होऊन त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. गाडीत बसल्यावर काका म्हणाले, "मला हे नाशिकला कळवावं लागेल. तुम्ही समजू शकता."

त्या रविवारी मी फोन केला नाही. तिनेच केला. ती पहिल्यांदाच तिकडून करत होती. म्हणाली, "कर्ज किती आहे?" मी सांगितलं. "किती वर्षांत फिटेल?" तेही सांगितलं. शाळेत फळ्याशी उभं केल्यासारखं मी उत्तरं देत होतो.

"बाबांना कर्ज खटकलंय," ती म्हणाली. "मला ते नाही खटकलं. दोघांनी मिळून फेडलं असतं."

मला वाटलं, सुटलो. तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "मी चहातली साखर सोडली होती. दोन महिने झाले. म्हटलं, तिथे गेल्यावर तुम्हाला वेगळं वाटू नये." मग आवाज जरा बारीक झाला. "तुम्ही मला रोज बिनसाखरेचा चहा पिऊ दिलात. एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

तिने नीट निरोप घेतला, चांगलं होऊ दे म्हणाली आणि फोन ठेवला.

वर गेलो तर बाई टेबलाशी बसल्या होत्या. काचेच्या वाडग्यातलं उरलेलं श्रीखंड वाटीत काढून माझ्यासमोर ठेवलं. "खा. तुला काही झालेलं नाही." मी चमचा उचलला आणि तोंडाशी नेला, पण तो आत जाईना. बाईंनी वाटी उचलली आणि श्रीखंड पुन्हा एका रिकाम्या श्रीखंडाच्या डब्यात भरून ठेवलं. त्या घरात श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड तेवढं एकदाच होतं.

पथ्य चालूच राहिलं. गाडीचं कर्ज फिटलं. मंडळात मी सगळ्यांना खरं सांगून टाकलं. हसले, दोन दिवस बोलले, मग विसरले. शुक्रवारचं बिल तेव्हापासून ज्याचं त्याने द्यायचं ठरलं. आणखी चार जणांना तेच हवं होतं, असं निघालं.

दोन हजार सातमध्ये मी वेस्ट विंडसरला एक लहानसा काँडो, म्हणजे आपल्याकडचा फ्लॅट, घेतला. कर्ज देणाऱ्या बँकेतल्या तरुण मुलाने माझी फाईल चाळली आणि हसत म्हणाला, "सर, यातलं सगळ्यात जुनं खातं उघडलं तेव्हा तुम्ही दोन वर्षांचे होता. हे कसं काय?"

मी म्हणालो, "ते माझ्या काकूंचं आहे."

कागदांवर सह्या झाल्या आणि मी थेट आयसेलिनला गेलो. बाई पांढरा कोट घालून कणीक मळत होत्या. आता जरा वाकल्या होत्या. घराची किल्ली त्यांच्या समोर ठेवली आणि बँकेत काय झालं ते सांगितलं.

"मी तुझी काकू नाही," त्या म्हणाल्या.

"माहितीये."

त्यांनी हात धुतले. किल्ली उचलून हातात तोलली, जरा हलवली, परत माझ्यासमोर ठेवली. मग चहाचं आधण ठेवलं, साखरेचा डबा उघडला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला विचारलं, "किती घालू?"

"नको."

चमचा तसाच हातात धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "अरे, तुला काही झालेलं नाही."

"माहितीये, काकू," मी म्हणालो. "तरी नको."

या वेळी त्यांनी मला टोकलं नाही. डब्याचं झाकण लावलं आणि दोन्ही कपांत चहा गाळला, बिनसाखरेचा.